भिंत कशी नेशील?
डहाणू-तलासरीतील वारली चित्र आणि आपले घर

१

१९९६च्या उन्हाळ्यात तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला एका पाड्यावर मी वीजजोडणीच्या कामाला गेलो होतो. वीज मंडळात लागून मला तीन वर्षे झाली होती. घर कुडाचे होते. कारवीच्या काठ्या आणि त्यांवर शेणमातीचे लिंपण. आत शिरल्यावर समोरची भिंत मीटरच्या बोर्डासाठी सोयीची वाटली, म्हणून मी तिच्यावर खिळा टेकवला. घरातल्या म्हातारीने माझा हात धरला. ही भिंत नको, म्हणाली. इथे देवी बसली होती. अंधारात मला काहीच दिसत नव्हते. बोर्ड शेजारच्या भिंतीवर ठोकला, होल्डरमध्ये बल्ब बसवला, आणि उजेड पडला तेव्हा त्या भिंतीवरचा चौक दिसला.

चौक जुना झाला होता. खालचा भाग शेणाच्या नव्या हाताखाली गेलेला, वर धुराची काजळी. मधोमध देवीची आकृती अर्धवट उरली होती, आणि भोवतीच्या चौकटीतल्या बारीक पांढऱ्या रेषा मात्र विणल्यासारख्या शाबूत होत्या. वर्षभरापूर्वी मुलाच्या लग्नात तो लिहिला होता. तोवर वारली चित्र मी शुभेच्छापत्रांवरच पाहिले होते. मी म्हातारीला विचारले, असे चित्र विकत मिळेल का? ती हसली आणि म्हणाली, "भिंत कशी नेशील, दादा?"

तिने चेष्टाच केली होती. पण तो प्रश्न माझ्यामागे लागला तो आजतागायत. चित्रकलेचे शिक्षण मला नाही. नोकरीच्या निमित्ताने पायाखाली घातलेले पाडे, सुट्टीच्या दिवशी गाठलेली ग्रंथालये आणि अकरा वह्या, एवढेच माझे भांडवल. त्या जोरावर या लेखात एकच गोष्ट तपासायची आहे. आवडलेले मूळ चित्र आपण घरासाठी विकत घेतो, तेव्हा नेमके काय घरी आणतो?

२

आधी आपल्या भिंतींकडे पाहू. मराठी मध्यमवर्गीय घरात चित्र आले ते छापील रूपात. राजा रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. त्यानंतर कॅलेंडरे आली. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आली. माझ्या आजोळी दीनानाथ दलालांचे एक मुखपृष्ठ काचेच्या चौकटीत लावलेले होते, आणि त्या घरातली ती सर्वांत जपलेली वस्तू होती. याला मी नाव ठेवत नाही. ज्यांना मूळ चित्र कधीच परवडले नसते, त्यांना छपाईने चित्र दिले.

मात्र छपाईने एक सवयही लावली. आपल्या लेखी चित्र म्हणजे चित्राचा विषय. 'तुमच्याकडे कोणते चित्र आहे?' या प्रश्नाला आपण 'शकुंतला', 'लक्ष्मी', 'निसर्गदृश्य' असे उत्तर देतो. कोणाच्या हातचे, हे उत्तरात क्वचित येते. पुस्तकाच्या बाबतीत असे आपण करत नाही. लेखकाचे नाव न पाहता कादंबरी विकत घेणारा वाचक या अंकाच्या वर्गणीदारांत सापडायचा नाही.

वारली चित्र आपल्या घरात शिरले ते याच छपाईच्या दाराने. साडीचा काठ, चहाचे कप, उशांचे अभ्रे, सदनिकेच्या जिन्यातली भिंत, शाळेच्या कुंपणाची भिंत. त्यातून मराठीत एक वाक्प्रयोग रूढ झाला, तो ऐकताना आता माझे कान टवकारतात: 'हॉलमध्ये एक वारली लावलीय.' किंवा, 'डहाणूहून एक वारली घेतली.' वारली हे माणसांच्या समाजाचे नाव आहे. दुसऱ्या कोणत्या समाजाच्या नावाने आपण अशी भिंतीवरची वस्तू मागत नाही. चित्रकार गळून पडून त्याची जमात तेवढी शिल्लक राहावी, हे या एका वाक्यात इतके सहज होते की बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मीही कितीतरी वर्षे असेच बोलत होतो.

३

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. वारली परंपरेत चित्रकाराचे नाव नव्हतेच, मग आज सही शोधणे हा शहरी हट्ट नव्हे का?

चौकाची पद्धत पाहू. लग्नाच्या वेळी घरातली भिंत शेणाने सारवून तिला गेरूचा हात देतात. तांदळाच्या पिठाचे पाणी हा रंग, आणि टोक ठेचलेली बांबूची काडी हा कुंचला. लिहिणाऱ्या असतात सवाशिणी. चौकात पालघट देवी येते, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या येतो. धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. विधी झाला की चित्राचे काम संपते. ते जपायचे नसते. भिंत पुन्हा सारवली जाते, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा नवा चौक येतो. इथे सही नाही, संग्रह नाही, विक्री नाही. 'मूळ' आणि 'नक्कल' हा भेदही नाही, कारण प्रत्येक चौक मूळच असतो आणि प्रत्येक चौक आधीच्या चौकासारखा असतो.

इथवर आक्षेप मान्य. पण पुढची पायरी तपासली पाहिजे. पाड्यावर हिंडताना मी सवयीने विचारत असे, हा चौक कोणी लिहिला? एकदाही 'माहीत नाही' असे उत्तर आले नाही. अमक्याच्या सुनेने, तिकडच्या पाड्यावरून आलेल्या मावशीने, या कडेची जाळी थोरलीची, ती कडा धाकटीची, धाकटीचा हात अजून बसलेला नाही. काही बायका नुसती रेष पाहून लिहिणारी ओळखत होत्या. चौकाखाली नाव नव्हते, कारण ते लिहायची गरज नव्हती. पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते.

माझ्या मते सगळा गोंधळ या ठिकाणी आहे. पाड्यातले निनावीपण हे निनावीपण नसते. चित्र पाड्याबाहेर पडते, त्या क्षणी ते खरोखर निनावी होते. भिंतीवरून कागदावर आलेले चित्र एसटीने डहाणू रोड स्टेशनला आणि तिथून गाडीने मुंबईला गेले, की त्याच्यामागचे गाव मागेच राहते. सवाशिणीला जी सही लागत नव्हती, ती कागदावर चित्र काढणाऱ्याला लागते. परंपरेचा हवाला देऊन त्याला ती नाकारणे म्हणजे पाड्याची सवय बाजारात वापरणे, आणि तीही फक्त बाजाराच्या फायद्यासाठी.

४

हे सारे पहिल्यांदा ज्याच्या बाबतीत घडले, तो माणूस आपल्याच भागातला. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यावर स्थायिक झाले. लहानपणी आई गेली आणि त्यांचे बोलणे थांबले. मग ते मातीत रेघा ओढून सांगत. लग्नाच्या विधीसाठी बायकांनी लिहायची चित्रे हा पुरुष विधीशिवाय, रोज, स्वतःसाठी काढू लागला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी हातमाग-हस्तकलेच्या सरकारी कामातून या भागात आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात त्यांनी मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद दिला होता. इथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रे लागली. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसचे 'मॅजिशियन द ला तेर' हे गाजलेले प्रदर्शन, २००३मध्ये जर्मनीत डुसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या बरोबरीने प्रदर्शन, २०११मध्ये पद्मश्री. मे २०१८मध्ये ते गेले.

डुसेलडॉर्फच्या प्रदर्शनात दोन माणसांची नावे शेजारी शेजारी होती. 'एक ब्रिटिश आणि एक वारली' अशी पाटी कोणी लावली नाही. आपल्याकडच्या लेखनात मात्र म्हसे यांच्यासाठीही 'आदिम', 'निरागस', 'कालातीत' हीच विशेषणे अजून येतात. ही स्तुती वाटते, म्हणून तिला कोणी हरकत घेत नाही. पण 'कालातीत' म्हटले की चित्राला तारीख उरत नाही. 'निरागस' म्हटले की चित्रकाराने काही ठरवून केले असेल, ही शक्यता संपते. कोणी ही चित्रे थेट गुहाचित्रांशी जोडतात. आकृत्यांत साम्य दिसते हे खरे, पण मधल्या शतकांतल्या शेणमातीच्या भिंती टिकलेल्या नाहीत. तेव्हा सलग परंपरेचा दावा हा तर्कच राहतो. आणि अशा विशेषणांचा एक व्यावहारिक उपयोगही होतो. जे कोणाचेच नाही, ते कपावर छापायला कोणाला विचारावे लागत नाही.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. याच विषयावर त्यांनी अनेक चित्रे केली. जवळजवळ सगळा कागद एका जाळ्याने व्यापलेला असतो. दोऱ्यांच्या असंख्य बारीक रेषा. एकही रेष पट्टीने ओढल्यासारखी सरळ नाही, आणि तरी जाळे कुठे फाटत नाही. कडेला माणसे असतात, ती मुंगीएवढी. विषय मासेमारी असला तरी आपण पाहत राहतो ते एका माणसाने महिनोन्महिने एका कागदावर धरून ठेवलेले लक्ष. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन हे आकार परंपरेचे आहेत. माणसाचे धड म्हणून टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोणही परंपरेचे. ते लक्ष मात्र म्हसे यांचे. तारपानाचाचे वेटोळे आज कोणीही शिकून काढतो, सुट्टीतल्या शिबिरात मुलेसुद्धा दोन तासांत काढतात. म्हणून वारली चित्रातले 'मूळ' आकृत्यांत शोधू नये. एका माणसाने स्वतः पाहिलेली आणि स्वतःच्या हाताने सोसलेली अशी कोणती गोष्ट या कागदावर आहे, ते शोधावे. तसे काही सापडले आणि ते आवडले, तर चित्र घ्यावे.

५

आता माझा स्वतःचा कागद पुढे ठेवतो.

१९९९च्या दिवाळीआधी मी गंजाडच्या बाजूच्या एका चित्रकाराकडून चित्र घेतले. विषय वळगणीचा होता. पहिल्या पावसात ओढ्याचे पाणी शेतात चढते आणि मासे प्रवाहाविरुद्ध खाचरांत येतात; रात्री टेंभे आणि कोयते घेऊन माणसे त्यांच्यामागे धावतात. चित्रात बांध होते, माणसे होती, शेकडो मासे होते, आणि सगळीकडे बारीक ठिपक्यांचे पाणी होते. उजव्या कोपऱ्यात एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. सगळे पाण्याकडे धावत असताना तिची पाठ पाण्याकडे. ती तशी का उभी आहे, हे मला कळेना, आणि तिच्यामुळेच ते चित्र सोडवेना. चित्रकाराने ८०० रुपये सांगितले. मी घासाघीस करून ५००ला घेतले. घरी येऊन बायकोला ३०० रुपये वाचवल्याचे कौतुकाने सांगितले.

पुढे तेरा वर्षांनी त्यांच्या घरी बसण्याइतकी ओळख झाली. चहा घेताना मी त्या चित्राचा विषय काढला. चित्रकार म्हणाले, पावसाचे वीस दिवस लागले त्याला, दोघांना. मी विचारले, दोघे म्हणजे कोण? आत भाकरी थापणारी त्यांची बायको तिथूनच म्हणाली, "पाणी माझं आहे, भाऊ." मासे आणि पाणी तिने भरले होते. माणसे आणि बांध त्यांचे. कोपऱ्यातली बाईही तिचीच. त्या वर्षी मूल तापाने फणफणले होते, म्हणून तिला वळगणीला जाता आले नाही. ती तशी घराकडे तोंड करून उभी होती. सही चित्रकाराची.

घरी येऊन मी जुनी वही काढली. त्या वर्षी खांबाचे खड्डे खोदणाऱ्या मजुराला आम्ही दिवसाला ५० रुपये देत होतो, अशी माझ्याच अक्षरातली नोंद आहे. चित्रासाठी मी दिलेले ५०० रुपये वीस दिवस आणि दोन माणसे यांत वाटले, तर माणशी दिवसाला साडेबारा रुपये पडतात. त्यातून कागद आणि रंगाचे पैसे वजा.

मी राहतो तो तलासरी तालुका. इथल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही, असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्यात होते. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण सर्वांनी वाचले आहे. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा लढा झाला. मागणी होती ५०० पौंड गवतामागे २ रुपये ८ आणे. किती गवताला किती पैसे, हे मोजून मागण्यासाठी माणसांनी जीव दिले. ते पुस्तक मी दोनदा वाचले होते, त्यावर लोकांशी बोललो होतो, आणि त्याच लोकांच्या नातवाशी ३०० रुपयांसाठी हुज्जत घातली होती. गवत कापणे हे काम आहे, हे मला पटलेले होते. ठिपके भरणे हेही कामच आहे, हे चित्र आवडूनही मला सुचले नव्हते. चित्रावरच्या प्रेमाने घासाघीस थांबत नाही. उलट आवडीच्या भरात ती आपल्याला दिसतच नाही.

राहिलेले पैसे मी देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत; पुढच्या चित्राच्या वेळी बघू, म्हणाले. मग मी चित्र चौकटीतून काढून त्यांच्याकडे नेले. मागच्या बाजूला बायकोचे नाव त्यांनी स्वतः बॉलपेनने लिहिले. दर्शनी बाजूला अजून एकच सही आहे. ज्या कलेत शतानुशतके बायका लिहीत आल्या, तिच्यात कागद आल्यावर सही पुरुषांची झाली, आणि आम्ही गिऱ्हाइकांनी कधी विचारले नाही. एका चित्राच्या पाठीवर नाव लिहून हे मिटत नाही, याची मला कल्पना आहे.

६

काही व्यावहारिक गोष्टी, कारण संशोधकाने निष्कर्ष हवेत सोडू नये.

वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पालघर जिल्हाही त्याच वर्षी झाला. पुढे २०१६मध्ये घोलवडच्या चिकूलाही मानांकन मिळाले. मानांकन उपयोगाचे आहे, कारण बाहेरच्या कोणी हे नाव वापरण्याला त्याने आळा घालता येतो. पण ते वस्तूचा प्रदेश सांगते, हात सांगत नाही. चिकूला गावाचे नाव पुरते. चित्राला पुरत नाही.

हाताचे रक्षण करतो तो १९५७चा कॉपीराइट कायदा, आणि तो घेणाऱ्यानेही समजून घ्यावा. चित्र विकत घेतले म्हणून त्याचा कॉपीराइट आपला होत नाही. आपल्या भिंतीवरचे चित्र लग्नपत्रिकेवर छापायचे झाले, तरी चित्रकाराची परवानगी लागते. हा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे चालतो. कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क तर चित्र विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो, आणि दोघांनी मिळून केलेल्या कृतीत कायदा दोघांचे कर्तृत्व मानतो. याच कायद्यातल्या कलम ५३अ प्रमाणे, मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला विकले गेले, तर त्या रकमेत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त १० टक्के. ज्याचे चित्र आज आपण स्वस्तात घेतो, त्याच्या नातवंडांचा त्यात हिस्सा असू शकतो.

म्हणून घेताना चारच प्रश्न विचारावेत. कोणी काढले? आणखी कोणाचा हात आहे? किती दिवस लागले? हे तुम्ही कुठे पाहिले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पावतीवर आणि चित्राच्या मागे लिहून घ्यावीत. तिसऱ्याच्या उत्तरावरून किंमत आपली आपल्याला कळते, आणि ती परवडत नसेल तर लहान चित्र घ्यावे किंवा हप्ते मागावेत. चौथ्या प्रश्नावर चित्रकार बोलू लागला, तर चित्र मूळ आहे असे खुशाल समजावे.

गेल्या वर्षी माझ्या मुलाने बोईसरला घर घेतले. सून म्हणाली, भिंतीला काहीतरी पाहिजे, पण छापील नको. तिला घेऊन गंजाडला गेलो. तिने तीन घरांत चित्रे पाहिली आणि एका बहीणभावाचे चित्र निवडले: कापणी झालेले शेत आणि त्यावर उतरलेले बगळे, बाकी काही नाही. मला ते जरा रिकामे वाटले, पण बोललो नाही. घर तिचे आहे. किंमत ९,००० सांगितली. तिने ती दोन हप्त्यांत दिली, आणि पावतीवर दोघांची नावे लिहून घेतली.

दसऱ्याला तिच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा शेजारच्या बाई आल्या होत्या. भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "छान आहे हो वारली. कुठून घेतली?" सुनेने गाव सांगितले नाही. तिने आधी बहिणीचे नाव सांगितले, मग भावाचे.